सरळ कड

"हात लावू नका आजी, नुसतं बघा," टेबलापलीकडचा अधिकारी म्हणाला.

"नुसतं बघून काय कळतंय? उलटी करू दे," म्हणत तुतूमाने झोळी ओढून घेतलीच.

किनाऱ्याकडच्या तंबाखूच्या शेतांवर मजूर नेणारा ट्रक चार दिवसांपूर्वी पुरात वाहून गेला होता. पाच जण सापडले, पण चेहरे ओळखू येत नव्हते. त्यातल्या एकाच्या गळ्यात ही झोळी होती. तुतूमाचा लेक कातरीनो त्याच दिवशी डोंगर उतरला होता. कोणत्या ट्रकमध्ये चढला, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सासू-सून सकाळच्या बसने तेपिक शहरात आल्या होत्या.

झोळीवर दोन डोक्यांचा गरुड होता, तुतूमाच्याच घरचा. पण नक्षी काय, कुणीही उचलतं. विणताना दोरा बदलला की तुतूमा त्याचं टोक नेहमी डाव्या कडेला दडवायची. तिने झोळी उलटी केली, डावी कड नखाने चाचपली. एकदा, दोनदा. एकही टोक लागलं नाही.

"माझी नाही!" ती जवळजवळ ओरडलीच. "लेकाच्या खांद्यावर माझ्या हातची होती. हा दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा." त्या दुसऱ्या आईचा विचार मनात आला, नाही असं नाही, पण आनंद काही लपेना. "ऊठ गं उशामा, बस निघून जाईल."

सून उठली नाही.

"ऊठ म्हणते ना! पायांना मुळं फुटली का?"

"आई, तुमची झोळी कणगीत आहे." उशामाने मान वर केली नाही. "तंबाखूचा चीक लागला तर निघत नाही म्हणाले. आईची सणाला वापरीन म्हणाले. म्हणून ही दिली मी. उतारावर, तुम्ही माघारी वळल्यावर."

"तू? कधी विणलीस?"

"तुम्ही मक्याच्या शेतात जायचात तेव्हा. तुमच्यासमोर विणलं की तुम्ही उकलून टाकता."

खोटं नव्हतं ते. दोन वर्षांत सुनेने मागावर चढवलेलं एकही कापड तुतूमाने धड पुरं होऊ दिलं नव्हतं. कड वाकडी, टाक उकलून!

अधिकाऱ्याने पेन उचललं. "नाव काय लिहू?"

तुतूमाने झोळी पुन्हा जवळ घेतली. तळापासून पट्ट्यापर्यंत कडेवरून बोट फिरवत ती खोट शोधत राहिली. एक तरी सापडायला हवी होती तिला. पुरातून निघूनही वीण कुठे सुटली नव्हती.

"कड सरळ आलीय गं," ती म्हणाली आणि झोळी सुनेच्या मांडीवर ठेवली. मग अधिकाऱ्याकडे वळून तिने मुलाचं नाव सांगितलं.