चाळिसांतला खेकडा

मित्रांनो, माझ्या पाठीवर शेवाळ आहे, दोन्ही नांग्या उगारलेल्या आहेत आणि डोळे मात्र झोपाळू आहेत. मला भिऊ नका. मी कागदाचा आहे. बंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात, एका उंच इमारतीतल्या घरी, पत्र्याच्या डब्यात राहणारा मी एक म्हातारा खेकडा. कार्डांच्या खेळातले एक कार्ड.

माझा जन्म छापखान्यात झाला. एका मोठ्या जाड कागदावर मी माझ्या कितीतरी भावंडांना चिकटून होतो. शेजारी गरुड होता, खाली लांडगा. मग वरून पाते आले आणि आम्ही सुटे झालो. मला कुणी चितारले ते ठाऊक नाही. पण त्या माणसाला पाणी फार आवडत असावे. त्याने मला तळ्याच्या तळाशी बसवले, वरून हिरवट उजेड सोडला आणि पायांखाली मऊ वाळू अंथरली. पुढे चकचकीत पाकिटात बंद होऊन पडलो, तेव्हा त्या अंधारातही आपण पाण्यातच आहोत असे मला वाटत राहिले. तिथे मी खूप झोपलो.

जाग आली ती मारतहळ्ळीतल्या पवनकुमारच्या दुकानात. पुढच्या भागात तो खेळणी विकायचा आणि मागच्या खोलीत रविवारी मुलांचे कार्डांचे सामने भरवायचा. पाकीट फाडणाऱ्या मुलीचे नाव अमृता. तिला गरुड हवा होता, निघालो मी. तिने मला उजेडाकडे धरून न्याहाळले, "सरी, तू तर तू," म्हणजे बरं, तूच सही, असे म्हणाली आणि दप्तरात ठेवले.

अमृताचे घर मराठी, पण पणजोबांपासून बंगळुरूचे. यशवंतपूरला त्यांचे धान्याचे दुकान आहे. तिच्या मराठीत कानडी शब्द असे मिसळलेले असत की कुठले कोणते, हे तिलाही सांगता आले नसते. तिच्या वरच्या मजल्यावर कस्तुरी नुकतीच नागपूरहून राहायला आली होती. तिच्या बाबांची, विलासरावांची, इथल्या कंपनीत बदली झाली होती. नव्या शाळेत कुणी कानडीत बोले, कुणी इंग्रजीत. आपले काही चुकेल या भीतीने कस्तुरीने बोलणेच सोडून दिले होते. शाळेतून आली की ती जिन्यात एकटी बसून राही.

एका दुपारी त्याच जिन्यात अमृता आम्हाला मांडून बसली होती. कस्तुरीने बराच वेळ पाहिले आणि शेवटी विचारले, "काय करून राहिली?"

अमृताने अशी मराठी कधी ऐकली नव्हती. तिला हसू आले, पण ते बोचणारे नव्हते. "स्वल्प सरक, दाखवते," ती म्हणाली. स्वल्प म्हणजे थोडे, हे कस्तुरीला तिच्या हाताच्या खुणेवरून कळले आणि मग तीही हसली.

आमचा खेळ फार अवघड नाही. प्रत्येकाने चाळीस कार्डांचा संच आणायचा. मुली त्याला डेक म्हणत. प्रत्येक कार्डावर एक प्राणी असतो. लहान प्राणी पटकन मैदानात उतरतात, मोठ्यांना वेळ लागतो. माझा गुण माझ्या चित्राखाली लिहिला आहे: मी मैदानात असेपर्यंत माझ्यामागे बसलेल्या लहान जीवांना कुणी उचलू शकत नाही. पण मी येतो फार सावकाश.

दोघींनी मिळून एकच डेक बांधायचा ठरवला. कस्तुरीच्या गॅलरीतून बेळ्ळंदूरचे तळे दिसे. त्याच्याकडे बघत तिने अट घातली, की आपल्या डेकमध्ये फक्त पाण्यातले आणि पाण्याकाठचे जीव घ्यायचे. अमृताने सगळ्यात आधी मला जमिनीवर ठेवले. "हा पहिला," ती म्हणाली. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या कागदातून काहीतरी झुळझुळत गेले.

ते दिवस आठवले की अजूनही डोळे मिटतात. संध्याकाळी गॅलरीतून पिवळा उजेड तिरपा आत येई. खाली रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असे आणि तिचा आवाज वर येईपर्यंत लाटेसारखा होई. फरशीवर आम्ही पसरलेले असू. बगळे, मगरी, पाणसाप. पंख्याचा वारा आला की आमच्या कडा हलत आणि सगळे तळेच श्वास घेते आहे असे वाटे.

पहिले काही सामने मुली सपाटून हरल्या. त्यांनी मोठमोठे जीव भरले होते. आमच्यापैकी कुणी उतरायच्या आत समोरचा जिंकून मोकळा होई. पवनकुमारने विचारले, की तळ्यात नुसत्या मगरी असतील तर त्या खातील काय? मग एक मगर गेली, बेडूक आले. दुसरी गेली, चतुर आले. खंड्या आला, गोगलगायी आल्या. कुठल्या कार्डानंतर कोणते हाती आले तर बरे, याचा दोघी तासन्‌तास विचार करत. बेडकांनी आधी उतरायचे, मी मागाहून येऊन त्यांच्यापुढे नांग्या रोवायच्या आणि माझ्याआड बसून त्यांनी वाढायचे, अशी रीत बसली. एका रविवारी मी अशीच हरत आलेली बाजी धरून ठेवली, तेव्हा पवनकुमार म्हणाला, की हा खेकडा म्हणजे तुमच्या घराचा दरवाजा आहे. आता कस्तुरी शाळेतही बोलू लागली होती.

जिंकायची गोडी लागते, मित्रांनो. कस्तुरीला ती लागली. ती मोठ्या खेळाडूंचे खेळ मोबाइलवर पाहू लागली. सावकाश जीव तिला खुपू लागले. जोड्यांची मोठी स्पर्धा जाहीर झाली आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी, अमृता यशवंतपूरला गेलेली असताना, कस्तुरीने मला डेकमधून काढले. माझ्या जागी तिने एक सरडा ठेवला. तो रानातला, विजेसारखा चपळ. तळ्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

मला तिने टेबलावर ठेवले आणि विसरून गेली. मी छताकडे बघत पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी दोघी स्पर्धेला गेल्यावर विलासराव चहा घेऊन बसले आणि त्यांनी पेला माझ्यावर टेकवला. पेल्याच्या बुडाला चहा लागलेला होता. जन्मभर मी पाण्याच्या चित्रात राहिलो, पण खरा ओलावा मला पहिल्यांदा लागला तो असा. तो माझ्यात मुरत गेला. मी फुगलो, वाकलो, माझ्या पाठीवर तपकिरी कडे उमटले.

स्पर्धेत काय झाले ते मला नंतर कळले. मुली जिंकल्या, शेवटची बाजी सरड्यानेच मारली. पण खेळताना अमृता प्रत्येक कार्ड उचलताना माझी वाट पाहत होती. अखेरीस तिने कस्तुरीच्या कानाशी लागून विचारले आणि मला काढल्याचे तिला समजले. बक्षीस घ्यायला दोघींना बोलावले, तेव्हा तिने डेक नीट जुळवून कस्तुरीच्या हातात दिला. "तुझा डेक चांगला आहे गे," एवढेच म्हणाली आणि वडिलांबरोबर घरी गेली.

त्यानंतर ती वर येईनाशी झाली. कस्तुरी जिन्यात बसे, पण खालचे दार उघडत नसे. बक्षिसाचा करंडक कपाटावर होता. तिकडे ती पाहत नसे. एके दिवशी तिने मला शोधायला घेतले. वर्तमानपत्रांखाली सापडलो. माझी पाठ पाहून तिने मला तळहाताने दाबून सपाट करून पाहिले. फुगलेले कार्ड उलटे ठेवले तरी ओळखू येते, म्हणून ते स्पर्धेत चालत नाही, हे तिला माहीत होते.

पवनकुमारच्या दुकानात दुसरा खेकडा मिळाला असता. तसे तिच्या मनात आलेही असेल, कारण ती आपल्या घराच्या दारात बराच वेळ थांबली होती. पण मग ती मला तसाच घेऊन जिना उतरली.

दार अमृतानेच उघडले. कस्तुरीने मला पुढे केले. "मी तुला न विचारता काढला. नंतर नीट ठेवलाही नाही. आता तो कधीच खेळू शकणार नाही."

अमृताने माझ्या डागावरून बोट फिरवले. "हरलो असतो तरी चाललं असतं मला," ती म्हणाली. "पण मी तिथे बसून त्याची वाट बघत होते आणि तुला माहीत होतं तो येणार नाही म्हणून."

कस्तुरीला रडू आले. तिने ते लपवले नाही. "माझ्यापाशी दुसरी कोणी मैत्रीण नाही," ती म्हणाली. "तू वर ये."

अमृता लगेच आली नाही. तिने मला ठेवून घेतले. दोन दिवस मी तिच्या उशीशेजारी होतो. ती मला हातात घेई आणि पुन्हा ठेवी. तिसऱ्या दिवशी मला घेऊन ती वर गेली आणि फरशीवर बसली. कस्तुरीने घाईघाईने सरडा बाजूला काढला, तशी अमृताने तिचा हात धरला. "राहू दे त्याला. तळ्याकाठी सरडे येतातच."

मग माझ्याशिवाय तळे कसे राखायचे, याचा विचार सुरू झाला. माझ्या एकट्याचे काम आता तीन गोगलगायी वाटून घेतात. प्रत्येक कार्ड उचलताना कस्तुरी विचारी, "हिला ठेवू?" आणि अमृता म्हणे, "स्वल्प थांब, बघते." या विचारण्यात पुढच्या रविवारी इतका उशीर झाला, की पवनकुमार रागावला. त्या दिवशी दोघी दुसऱ्याच फेरीत हरल्या आणि हसत घरी आल्या.

मला बरोबर नेत नाहीत याचे वाईट वाटते का? वाटते, मित्रांनो. पण डेक चाळिसांचाच असतो आणि निवडायचे म्हटले की कुणीतरी बाहेर राहणारच. माझे मागणे एवढेच आहे. जे दोघांचे मिळून आहे, त्यातून काही काढायचे असेल तर आधी दुसऱ्याला हाक मारा. आणि ज्याला काढाल त्याला टेबलावर उघडा टाकू नका. त्यानेही कधीतरी तुमची बाजू धरून ठेवलेली असते.

आता संध्याकाळ झाली आहे. मुलींनी डेक डब्यात माझ्याशेजारी ठेवला आणि झाकण लावले. सगळ्यात वर सरडा आहे. दिवसभर हातांत राहून तो ऊबदार झाला आहे. आज त्याने धीर करून मला विचारले, की लहान जीव मागे असले म्हणजे जागचे न हलता कसे उभे राहायचे. मी त्याला सांगायला सुरुवात केली आहे. घाई नाही. मी सगळे सावकाशच सांगतो.