उथळ पायरीवरचा दगड

मार्लिसने नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड पुन्हा तळ्याच्या तळाशी सोडला. दहा दिवसांत चौथ्यांदा कोणीतरी तो वर, काठालगतच्या पाण्यातल्या उथळ पायरीवर आणून ठेवला होता. पंप घरघरत होता, बर्फातलं भोक ताटाएवढं उघडं होतं, आणि बुटांचे ठसे थेट कुंपणापासून काठापर्यंत आले होते. कालच तिने फाटकाला कुलूप ठोकलं होतं. मेला कुंपण चढून आला होता!

खाली तिच्या नवऱ्याची, ऑरिनची, सगळ्यात जुनी सोनेरी कोई मासळी एका कुशीवर कलली होती. ते पाहून तिचं डोकंच फिरलं. शेजारच्या अंगणात दीर बर्फ उपसत होता.

"व्हर्लिन! तुझ्या भावाला जाऊन तीन महिने झाले नाहीत, आणि तू त्याच्या माशांच्या जिवावर उठलास?"

"वहिनी, दगड वरच्या पायरीवर ठेव. जानेवारीत तळाचंच पाणी काय ते जरा उबदार. मासे तिथे पडून असतात, आणि तू ते ढवळतेस."

"मला शिकवू नकोस! वीस वर्षं त्याने तळाशीच ठेवला. एक मासा दगावला नाही. गावभर सांगायचा."

"सांगायचा खरा."

"म्हणजे काय?"

व्हर्लिनने हातमोजा काढला, परत घातला.

"नोव्हेंबरात तो हरणांच्या शिकारीला गेला की मी येऊन दगड वर घ्यायचो. बर्फ वितळायच्या आत पुन्हा खाली."

"तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं ना एकदा. धाकट्याने अक्कल शिकवली म्हणून दोन वर्षं बोलला नाही."

ती दोन वर्षं मार्लिसला चांगली आठवत होती. जमिनीवरून वाजलंय, असं ऑरिन म्हणाला होता. दोन नाताळ व्हर्लिनला जेवायला बोलावलं नव्हतं, आणि दुकानात तो दिसला की तिनेही तोंड फिरवलं होतं.

"त्या दोन वर्षांत कोण घ्यायचं वर?"

"तुम्ही दोघं रविवारी चर्चला गेलात की यायचो."

तिची कानशिलं तापली. ज्याच्यावर राग काढायचा तो टेकडीवर, गोठलेल्या मातीखाली निवांत पडला होता. उघड्या हातांनी नळी ओढत तिने दगड पायरीवर आणून आदळला. बोटं बधिर झाली. खाली जुन्या कोईचा कल्ला एकदा हलला.

"या रविवारी मी चर्चला जाणार आहे," ती करवादली. "फाटक उघडं असेल. सत्तरीला आलास आणि कुंपणं चढतोस, हाडं मोडून घेशील."