चाळीस की ऐंशी

नेटवर्कवाल्याने केबल उपटली आणि पुन्हा खुपसली. ज्या मशीनवरून अख्ख्या वर्गाची परीक्षा चालायची ते मिनिटभर चाललं, मग पडद्यावर तीच पाटी: हा पत्ता दुसरं कुणीतरी वापरतंय.

"अरे, पण कोण?" तो मशीनवरच खेकसला.

सकाळपासून परीक्षा दोनदा मध्येच तुटली होती. पोरं वैतागली होती, तो त्याहून जास्त. शाळेतल्या प्रत्येक मशीनला त्याने स्वतः पत्ता म्हणून वेगळा नंबर दिला होता, चिठ्ठ्याही लिहून चिकटवल्या होत्या. या मशीनचा ऐंशी. तो दुसऱ्या कुणाला मिळायचं कारणच नव्हतं. कुणीतरी नसती अक्कल पाजळली होती.

"सापडू द्या," तो मोठ्या बाईंना म्हणाला, "नावानिशी लिहून देतो."

"द्याच. मुख्याध्यापिका म्हणून या वेळी मी गय करणार नाही."

एकेक खोली पालथी घालत तो लायब्ररीत पोहोचला. तिथल्या प्रिंटरवर ऐंशी!

"ताई, हा नंबर कुणी टाकला?"

"मीच." लायब्ररीतल्या ताई पुस्तकं खाली ठेवून उठल्या. "काल प्रिंटर सगळं विसरला. तुमचा फोन लागेना, म्हणून तुमची चिठ्ठी बघून टाकला."

त्याने प्रिंटरच्या पाठीवरची चिठ्ठी खरवडून काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

"हे चाळीस आहे हो, चाळीस! डोळे आहेत की बटणं?"

ताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मला ऐंशीच दिसतात." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "माझं नाव नका ना देऊ. सहा वर्षं हंगामी काढली. पुढच्या महिन्यात कायम करणार आहेत."

"मग हात लावायच्या आधी विचार करायचा."

चिठ्ठी खिशात कोंबून त्याने नंबर बदलला. परीक्षा सुरळीत सुरू झाली, राग मात्र उतरेना. तिथल्याच टेबलावर त्याने अहवाल खरडला, खाली ताईंचं नाव घातलं आणि तरातरा जाऊन मोठ्या बाईंपुढे ठेवला. मागोमाग ताई आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

सही करता करता मोठ्या बाईंचं पेन थांबलं.

"आज चार तारीख ना? तुम्ही आठ का घातलीय?"

"चारच आहे."

"हा चार? बाकी सगळे आकडे इंग्रजी, हा एकटाच मराठी होय! तोही वरून तोंड मिटलेला. कुणीही आठच वाचेल."

त्याने कागद पाहिला. मग खिशातली चिठ्ठी काढून पाहिली.

"द्या इकडे," तो म्हणाला. त्याचे कान तापले होते. "तारीख नीट करतो. आणि खालचं नावही."