फिल्टरवरची तारीख

डोमाजींनी गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा ललितच्या गालावर अजून साबण होता. गुडघे दाखवायला डोमाजी आदल्या दिवशीच अकोल्याहून मुलाकडे, अमरावतीला आले होते आणि आता पातूरला निघायचं होतं. मायाचं, म्हणजे ललितच्या बहिणीचं, नवं घर बांधून झालं होतं आणि दुपारी तिथे बुद्धवंदना आणि जेवण होतं. दूर जायच्या आधी ऑइल पाहायचं, ही डोमाजींची अकोल्याच्या एसटी डेपोतली चौतीस वर्षांची सवय. निवृत्तीनंतरही ती गेली नव्हती.

"ललित, खाली ये."

आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच ललित तोंड तसंच पुसत खाली धावला.

ऑइल मोजायची पट्टी डोमाजींच्या हातात होती. टोकाला लागलेलं ऑइल डांबरासारखं काळं होतं आणि खालच्या खुणेपर्यंतही पोचत नव्हतं. त्यांनी एक थेंब अंगठा आणि बोटात चोळला. कचकच लागली असावी. त्यांनी बोटं फडक्याला पुसली.

"कधी बदललं म्हनला होता?"

"मे महिन्यात. अनुपकडे."

चार महिन्यांपूर्वी फोनवर सांगितलेलं वाक्य त्याच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं.

गाडी डोमाजींचीच होती. गुडघे गेले तेव्हा, अडीच वर्षांपूर्वी, त्यांनी ती मुलाच्या हवाली केली. आदल्या दिवशी स्वतः खाली सरकून ऑइल आणि फिल्टर बदलला आणि बजावलं, "सहा महिने नाईतर पाच हजार किलोमीटर. जे पयले होईन ते." ललित अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. घर ते क्लास तीन किलोमीटर. कंपनीच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर लिहिलेलं पाहून त्याला बाबांचा नियम डेपोच्या जमान्यातला वाटला. पुढे 'किंवा एक वर्ष' असंही छापलेलं होतं. ते त्याने वाचलं आणि सोडून दिलं.

डोमाजींचा फोन महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचा. सहा महिने झाले तेव्हा त्यांनी विचारलं, "ऑइल बदललं काय?" बॅच सुरू व्हायची होती. फोन लवकर संपावा म्हणून ललित "हो, अनुपकडे" म्हणाला. पुढच्या खेपेला 'नाही' म्हटलं असतं तर आधीचा 'हो' उघडा पडला असता. असं करत तो चार वेळा 'हो' म्हणाला. अकोल्याला मात्र तो एसटीनेच जायचा. रस्ता फार खराब आहे, असं सांगायचा. गाडी नेली असती तर बाबांनी पहिल्यांदा बॉनेट उघडलं असतं.

अनुपचं नाव त्याने का घेतलं? बाबा दुसऱ्या कोणावर विश्वास ठेवणार नव्हते म्हणून. अनुप डेपोत डोमाजींच्या हाताखाली शिकला होता. आता अमरावतीत बडनेरा रोडवर त्याचं स्वतःचं गॅरेज होतं.

"चाल त्याच्याकडे," डोमाजी म्हणाले. "पोराले मी हातानं शिकोलं, अन् मलेच फसोते!"

गॅरेज दोन किलोमीटरवर होतं. ललित तेवढ्या वाटेत बोलू शकला असता. दोन सिग्नल लाल मिळाले. दोन्ही वेळा त्याने तोंड उघडलं आणि खिडकीची काच खाली केली.

"जय भीम, उस्ताद!" अनुप हात पुसत पुढे आला. "आज इकडं कशी वाट चुकले?"

डोमाजींनी त्याला हातानेच गाडीकडे बोलावलं. बॉनेट उघडलं, पट्टी काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"हे ऑइल हाये काय बे? चार डाव बदललं म्हने तुवा!"

अनुपने पट्टीकडे पाहिलं, मग ललितकडे. ललित पुढच्या चाकाकडे पाहत होता, जणू हवा कमी झाली असावी.

शेजारच्या खुर्चीवर गोपाळराव बसले होते. ललितच्या बॅचमधल्या रागिणीचे वडील. ललित गाडीतून उतरताच त्यांनी "नमस्कार सर" म्हटलं होतं. आता ते कान देऊन ऐकत होते.

"भाऊ..." अनुप म्हणाला आणि थांबला. मग त्याने पट्टी फडक्याने पुसली. "राहून गेलं असंन, उस्ताद. कामाची गर्दी होती."

"गर्दीत जेवाचं भुलतं काय तू? हेच शिकोलं मी तुले?"

अनुप खाली मान घालून उभा राहिला. गोपाळराव उठले. "माझी उद्या-परवा आणतो," असं कोणाकडेही न पाहता म्हणाले आणि त्यांची पांढरी गाडी रस्त्याला लागली. अनुपने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि डोमाजींची गाडी, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली.

डोमाजी पाठमोरे स्टुलावर बसून गुडघा चोळत होते. ललित खड्ड्याच्या काठाशी उभा राहिला. जुनं ऑइल आधी थेंब थेंब, मग एकदम जाड धारेने ट्रेमध्ये पडलं. अनुपने फिल्टर काढला आणि रॉकेलच्या फडक्याने पुसला. काढलेला फिल्टर आधी पुसायचा, ही उस्तादांचीच शिकवण. डेपोत प्रत्येक फिल्टरवर बसवल्याची तारीख आणि मीटरचा आकडा पांढऱ्या रंगाने लिहायचा दंडक होता. काजळी निघाली आणि खालून अक्षरं वर आली.

११-२-२३. ५२३१०.

आकडे डोमाजींच्या हातचे होते. पाचाची शेपटी त्यांच्याइतकी लांब कोणी काढत नसे. ललित तारीख विसरला होता. बाबांनी ती तिथे लिहिली असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

अनुपने फिल्टर उलटा केला. आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, भंगारात टाकू काय?"

ड्रम हातभर अंतरावर होता. तुटक्या नटांच्या ढिगात तो फिल्टर पुन्हा कोणाला सापडला नसता. दुपारी पातूरला जेवण झालं असतं आणि अनुप उस्तादांच्या मनातून कायमचा उतरला असता.

"दे इकडे," ललित म्हणाला.

शर्टाला डाग पडले. त्याने फिल्टर बाबांच्या हातात ठेवला. डोमाजींनी चष्मा वर केला, आकडे वाचले, परत वाचले.

"चारही डाव?"

"हो."

"काहून?"

"दहा हजार झाले नव्हते, बाबा."

"मंग तसंच सांगाचं. मी काय गाडी वापस नेली असती?"

डोमाजी स्टुलाला धरून उठले आणि खड्ड्यापर्यंत गेले.

"अनुप, मी तुले गिऱ्हाइकासमोर बोललो. चुकलं माह्यं."

"उस्ताद, असं नका म्हनू."

"चूप. तुलेई अक्कल नाई. दुसऱ्याचं पाप काहून डोक्यावर घेतं?" मग ललितकडे न वळता ते म्हणाले, "तो मानूस आयकून गेला. त्याले कोन सांगीन?"

ललितने नंबर शोधला. रागिणीची फी, गैरहजेरी, चाचणीचे गुण, सगळं या नंबरवर तो कळवत आला होता. गोपाळरावांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे अनुपनं काहीच केलं नव्हतं?"

"नाही. गाडी त्याच्याकडे कधी आलीच नव्हती."

"बरं, सर," ते म्हणाले. "आमची रागिणी म्हणते, प्रयोगवहीत आकडे नुसते मनाने लिहिले तर सर पूर्ण पान फाडतात."

फोन ठेवला तेव्हा अनुप नवा फिल्टर घेऊन उभा होता. तारीख लिहायला ललितने हात पुढे केला, पण डोमाजींनी रंगाची डबी अनुपला दिली. "तू लिही. मीटर पाहून लिही." अनुपने लिहिलं, ५८९७०.

पातूरपर्यंत डोमाजी मायाच्या घराबद्दल, वाटेतल्या कपाशीबद्दल, कशाकशाबद्दल बोलले. ऑइलबद्दल एक शब्द नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा फोन आला. त्यांनी नातवंडांची विचारपूस केली, सुनेला, दीपमालाला, फोन द्यायला सांगितलं आणि तिच्याशी बोलून ठेवला. ललितने पट्टीचा फोटो काढून तयार ठेवला होता. तो पाठवायचं त्याला धैर्य झालं नाही.

दहा मिनिटांनी अनुपचा फोन आला.

"भाऊ, गाडी घेऊन या जरा," अनुप संकोचून म्हणाला. "उस्तादांचा फोन आला होता. ऑइल पाहून सांग म्हणाले."