आडवी पेंढी

"तुम्ही कशाला उन्हात? आत बसा. आमची परास्का चहा टाकतेय," ओनुफ्री म्हणाला.

तनासीला ते 'तुम्ही' खुपलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी दोघं एकाच बोटीतून युरोपातल्या बुकोव्हिनाहून कॅनडात आले, शेजारी शेजारी झाडं तोडून शेतं केली. तेव्हापासून ओनुफ्रीने त्याला नावाने हाक अशी क्वचितच मारली असेल. ठोंब्या, बैल, जे तोंडाला येईल ते. पुढे याच ओनुफ्रीने घोडागाडीतून गावोगाव हिंडून त्याच्यासाठी मतं मागितली आणि तनासी खासदार होऊन ओटावाला गेला.

मळणी सगळे शेजारी मिळून करत, आज याची, उद्या त्याची. तनासी ओटावाहून परतीच्या आगगाडीत होता तेव्हाच त्यांनी त्याचा गहू मळून दिला होता. त्याच्या बदल्यात आज अंगमेहनत करायची, म्हणून तो आला होता. आत न जाता त्याने कोट काढला आणि पेंढ्या उचलायचा लांब दांड्याचा काटा घेऊन पेंढ्यांच्या गाडीवर चढला.

हात लवकरच भरून आले. एक पेंढी मळणीयंत्राच्या पट्ट्यावर आडवी पडली, यंत्र घरघरलं आणि थांबलं. तनासीने मान खाली घातली. अशा वेळी ओनुफ्री सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि बाकीचे तो किस्सा हिवाळाभर चघळायचे.

आज ओनुफ्रीने अडकलेल्या काड्या ओढून काढल्या. "होतं असं," म्हणाला.

थोड्या वेळाने पलीकडच्या गाडीवरून ओनुफ्रीच्या जावयाची, मित्रोची, पेंढी तिरकी गेली.

"आंधळ्या, सासुरवाडीला नुसता जेवायला आलायस का रे?" ओनुफ्री ओरडला.

सगळे हसले, मित्रोही. तनासीला त्याचा हेवा वाटला.

मग त्याने एक पेंढी नीट बघून, मुद्दाम आडवी सोडली. यंत्र पुन्हा बंद पडलं. हिसक्याने त्याच्या हातातला काटा निसटून खाली पडला.

"ओनुफ्री, अरे, बोल की काहीतरी."

ओनुफ्री गोंधळला. "काय बोलणार, साहेब? प्रवासाने दमला असाल."

त्याने वाकून काटा उचलला, सदऱ्याच्या टोकाने दांडा स्वच्छ पुसला आणि दोन्ही हातांनी तनासीपुढे वर धरला.