नत्थूजींची चौथी टॉर्च

मी टॉर्च बोलतेय. साधीसुधी नव्हे हं, टॅक्टिकल! खोक्यावर तसं ठसठशीत छापलं होतं. काळं ॲल्युमिनियमचं अंग, तोंडाला कंगोरे, कमरेला अडकवायची क्लिप, आणि उजेड असा की समोरच्यानं डोळे मिटून घ्यावेत. खोक्यावरच्या चित्रात मी एका सैनिकाच्या हातात होते. मला वाटलं, आता सीमेवर जाणार, गेलाबाजार जंगलखात्यात तरी. आणि पोचले कुठे? नागपूरजवळ खापरखेड्याला, भीमाबाईंच्या ओट्यावर, मेथीच्या जुडीशेजारी.

मला मागवलं होतं त्यांच्या मुलानं, पुण्याच्या पियुषनं, आपल्या वडिलांसाठी. वडील म्हणजे नत्थूजी. इथल्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं बॉयलरच्या नळ्या तपासण्याचं काम केलेला माणूस. त्यांनी मला उचललं, हातात तोललं, अंगठा बरोबर बटणावर ठेवला. बाई गं, काय तो हात! टॉर्च धरावी कशी ते ज्याला कळतं, त्याच्या हातात गेलं की आम्हाला लगेच समजतं. मी म्हटलं, सैनिक नाही तर नाही, पण माणूस जाणकार मिळाला.

त्यांनी मला पेटवलं. भीमाबाईंनी पदर डोळ्यांवर धरला. "बंद करा जी! माहे डोळे फोडता का?"

नत्थूजींनी मात्र मला दोनदा उलटंपालटं केलं आणि विचारलं, "एवढाच आहे का वं उजेड? अजून मोठा नाही होत?"

मला असा राग आला म्हणता! पहिल्याच दिवशी पाणउतारा.

दुपारी त्यांनी मला टेबलाच्या खणात ठेवलं. तिथे आधीच तिघी होत्या. एक पिवळी प्लास्टिकची, एक चार्जिंगची, एक लांबोडकी. पिवळी म्हणाली, "ये बाई, सरकून बस. आमीबी आल्या दिवशी अशाच तोऱ्यात होतो."

तिनंच मला सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी नत्थूजींना बल्ब मिणमिणता वाटायला लागला. बल्ब बदलला, तरी तेच. मग त्यांनी ठरवून टाकलं की व्होल्टेज उतरलंय. जन्मभर वीजकेंद्रात राबलेला माणूस, त्याला कोण शिकवणार? शेजारचे सांगायचे, आमच्याकडे तर लख्ख उजेड आहे, तर हे म्हणायचे, त्यांचा फेज वेगळा आहे. येताजाता दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा आणि शिव्या सुताराला. फोनवर पियुषला सांगायचे, "उजेडात काही दमच नाही राहिला गा." की दोन दिवसांत टॉर्च दारात. पोरगा वाईट नाही हो. बापानं तोंड उघडायचा अवकाश, वस्तू हजर. फक्त स्वतः यायला तेवढी त्याला सवड नव्हती.

मी तिला म्हटलं, "तुमचा उजेड कमी पडला असेल. माझं तसं नाही." हो, म्हटलं मी असं. आता आठवलं तरी लाज वाटते.

आठवड्याभरानं सकाळी भीमाबाई बिडाचा तवा घेऊन आल्या. "पियुषचे बाबा, तेल गळून राहिलं यातून. तडा गेला का, पाहा बरं."

नत्थूजींची छाती फुगली. त्यांच्याच कामाची गोष्ट! मला घेऊन ते पलंगावर बसले. "सरळ उजेड मारला तर तडा लपते. टॉर्च अशी आडवी धराची, पत्र्याले टेकवून. उजेड सरपटत गेला पायजे. मंग केसाएवढी चीर बी सावली टाकते. एकतीस वर्षांत माह्या हातून एक नळी सुटली नाही."

मी सगळा जोर लावून उजेड सोडला. तव्याच्या कडेपासून आत, बोटभर लांब काळी रेघ उमटली. आंधळ्यालाही दिसावी अशी, हे तेव्हा माझ्या मनात आलं. जीभ झडो माझी.

नत्थूजींनी तवा फिरवला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग म्हणाले, "कोरा करकरीत आहे. तडा गिडा काही नाही."

भीमाबाई शेजारी बसल्या, त्यांचं बोट धरलं आणि त्या चिरेवर ठेवलं. बोट चिरेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. परत आलं. पुन्हा गेलं.

"काहून नाही सांगितलं मले?" त्या म्हणाल्या.

"मले वाटलं, उजेडच कमी आहे," नत्थूजी म्हणाले. खरंच तसं वाटलं होतं हो त्यांना.

दुसऱ्या दिवशी नागपूरला, रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. पिशवीत मीही होते. पुष्कळ तपासण्या झाल्या. शेवटी बाईंनी विचारलं, "कधीपासून कमी दिसतंय, आजोबा?"

"आत्ताच, दोन-तीन महिने," नत्थूजी पुटपुटले.

भीमाबाईंनी पिशवी उघडली आणि आम्हा चौघींना टेबलावर ओळीनं मांडलं. "हे पयली, तीन वर्षांपयलेची. मंग हे, मंग हे. अन् हे आत्ताची."

बाईंनी आम्हा चौघींवरून नजर फिरवली. पिवळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हिच्या वेळी आला असता, तर पुष्कळ वाचवता आलं असतं." काचबिंदू. उजवा डोळा गेला. डाव्यात नळीतून बघावं एवढं उरलंय, आणि डोळ्यात घालायच्या थेंबांनी टिकेल तितके दिवस टिकेल. गेलेलं परत येत नाही.

नत्थूजींनी एकच विचारलं, "म्हंजे व्होल्टेज बराबर होतं?"

त्या संध्याकाळी पियुषचा फोन आला. "बाबा, टॉर्च कशी आहे? रिव्ह्यू टाकतो. किती स्टार देऊ?"

नत्थूजींनी मला पेटवलं होतं. माझं तोंड तळहातावर धरून बसले होते. पेटलेली मी तापते, तेवढंच त्यांना माझं समजत होतं. म्हणाले, "पाच दे गा. लय उजेड आहे."

भीमाबाई कुजबुजल्या, "सांगा ना जी त्याले!"

त्यांनी फोन ठेवला. "सांगून काय होते वं? पाचवी पाठवीन तो."

आता मी खणात नसते. त्यांच्या उशाशी असते, कधीमधी बॅटरी संपेपर्यंत हातात. भीमाबाई रोज थेंब घालतात, आणि मला पेटवून त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे धरून विचारतात, "दिसते का जी?" ते आधी हात पुढे करतात, मी तापलेय का ते बघतात आणि मगच "हो" म्हणतात. भीमाबाईंना ते कळतं. मलाही कळतं. त्या मला विझवून परत उशाशी ठेवतात.

तुमचे बाबा कधी म्हणाले ना, की उजेडात दम नाही राहिला, तर माझ्यासारखीला घरी धाडू नका. तुम्ही जा. आमच्या घरी आता कोणी आलं तरी उशीरच झालाय.