वायरीची खुशाली

"स्वप्ना, त्या हिरव्या टिकलीवर भरवसो धरू नको गो. ती वायरीची खुशाली सांगता, माणसाची नाय."

तेरेझा टीचर मला हे पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी हसले. मी बी.एस्सी. झालेली. म्हटलं, टीचर, तुम्ही चौथीपर्यंतच शिकवलंत, हा त्याच्या पुढचा धडा आहे. त्यांनी माझ्या पाठीत हलकीशी चापट मारली, माझ्या कडेवरच्या बायच्या हातात बिस्कीट दिलं आणि विषय तिथेच संपला.

बाय म्हणजे माझी मुलगी. तेव्हा नुकती चालायला लागली होती. आणि टीचर म्हणजे आमच्या समोरच्या, पाणंदीपलीकडच्या घरातल्या. वाडीच्या शाळेत त्यांनी माझ्या नवऱ्यालाही शिकवलंय, देवेशला. अजून त्याला बघितलं की पाढे विचारतात. वाडीतली बाकीची घरं मुंबईकरांची, चतुर्थीला आणि मे महिन्यात उघडणारी. एरवी कुलपं. देवेश पनवेलला कामाला, त्यामुळे बारा महिने चूल पेटायची ती दोनच घरांत, टीचरांच्या आणि माझ्या. त्यांचा एकुलता मुलगा लिओन इंग्लंडात, स्विंडनला, एका मोठ्या गोदामात नोकरी करतो.

टिकली आली ती लिओनमुळेच. नाताळला आला होता तेव्हा त्याने आमच्या दोघींच्या घरी ते ॲप चालू करून दिलं. त्याचं म्हणणं असं, की घरातलं नेट रात्रंदिवस चालू असतं, आपण वापरतो किती? उरलेलं वाया जातं. ते दुसऱ्यांना वापरू द्यायचं. लांबच्या देशांतल्या कंपन्या आपल्या लाइनीवरून दुकानांचे भाव, जाहिराती, असलं काय काय बघतात, आणि त्या बदल्यात आपल्या नावावर पॉइंट जमतात. पॉइंटांची पुढे नाणी व्हायची, क्रिप्टोची, हातात कधी न येणारी. मी टीचरांना सोपं करून सांगायला गेले, की आपल्या विहिरीचं जास्तीचं पाणी शेजारी नेतो तसं समजा.

"इहिरीर इलेलो माणूस दिसता तरी," टीचर म्हणाल्या.

लिओनने आपला जुना लॅपटॉप त्यांच्या माजघरात, येशूच्या तसबिरीखालच्या टेबलावर कायमचा लावून ठेवला. टीचरांनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, धूळ बसू नये म्हणून. ॲपमध्ये आमची एक यादी झाली. वर लिओन, त्याच्या खाली मी, माझ्या खाली टीचर. प्रत्येक नावापुढे एक टिकली. नेट चालू असेल तर हिरवी, बंद असेल तर करडी.

मी त्या टिकलीला कशी चिकटले ते सांगायला हवं. बाय झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी मी. गॅस बंद केला की पुन्हा उठून बघणार, कडी लावली की पुन्हा हलवून बघणार. आमच्याकडे रीत अशी, की तिन्हीसांजेला आपला दिवा लावला की समोरच्या घरात दिवा लागला का ते बघायचं. नाही लागला तर हातातलं टाकून पाणंद ओलांडायची. सासूबाई होत्या तोवर त्या जायच्या, नंतर मी. टिकली आली आणि मी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, जाऊन बघायचं सोडलं. बायला भरवता भरवता मोबाइल बघायचा. टीचर हिरव्या. झालं.

एका रविवारी दुपारी टिकली करडी झाली. आमच्याकडे तर लाईट होती. बायला उचललं आणि तशीच धावले. बघते तर टीचर माजघरात खुर्चीत बसलेल्या, केस विंचरलेले, तोंडाला पावडर, अंगात चर्चला जायचा निळा झगा, मांडीवर मोबाइल. भिंतीवरचा स्विच बंद, आणि त्याखाली छत्री टेकून ठेवलेली. स्विच उंच होता, हात पोचत नसे, म्हणून छत्रीच्या दांड्याने पाडला होता.

"काय झालं टीचर?"

"गप बस. आता फोन येतलो."

आलाही. त्यांनी स्पीकर लावला, मला ऐकवायला नव्हे, त्यांना तसाच लावता येतो.

"मम्मा, नेट कित्या बंद झाला?"

"बंद झाला? माका काय कळता रे. थांब, बघतंय." त्या जागच्या हलल्या नाहीत.

"भिंतीवरचो स्विच बघ."

"खंयचो? पांढरो की काळो?"

"सगळे पांढरेच आसत गो मम्मा."

"होय? आता माका दिसणा नाय बरा." आदल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर सुईत दोरा ओवला होता. "तू जेवलंस? काय जेवलंस? पाव खावन पोट भरता तुझा? स्वेटर घाल. हय फणस पिकान पडले, खावक कोण नाय. कुत्र्याक पिल्लां झाली, एक पिल्लू तुझ्यासारख्या, खाता नि झोपता."

लिओन हसला. मग त्याने कुत्रीचं विचारलं, चर्चमध्ये कोण कोण आलं होतं ते विचारलं, आणि आपल्या खोलीची खिडकी नीट लागत नाही हे सांगितलं. टीचर मध्येमध्ये स्विच शोधत होत्या. बरंच शोधून झाल्यावर त्यांनी मला डोळ्याने खुणावलं. मी स्विच दाबला.

"गावलो बघ," त्या म्हणाल्या.

"इला नेट. ठेवतंय मम्मा. देव बरे करू."

फोन ठेवल्यावर त्यांनी छत्री उचलून कोपऱ्यात ठेवली. मग मला म्हणाल्या, "टिकली हिरवी आसली की तो फोन करणा नाय. आवस बरी आसा ह्या तेका घरबसल्या कळता. विझली की करता."

मी म्हटलं, तुम्ही का नाही करत?

"मी केलंय तर, 'कामार आसंय मम्मा, मगे करतंय.' तेणी केल्यान तर तेका येळ आसता." आणि बायच्या गालावरचं बिस्कीट पुसत म्हणाल्या, "कोणाक सांगू नको."

त्यानंतर दर रविवारी टीचरांचा निळा झगा आणि करडी टिकली. त्या वेळेला मी मुद्दाम तिकडे जात नसे. आमच्या खळ्यातून त्यांचा आवाज ऐकू यायचा, पांढरो की काळो.

लिओनच्या लक्षात आलं नसतं तर नवल. त्याने मला विचारलं की मम्माचं नेट नेमकं रविवारीच कसं जातं. आधी लिहून विचारलं, आणि पाठोपाठ आवाजातला निरोप पाठवला. म्हणाला, "आमका कामार मोबाइल लॉकरात ठेवचो लागता. सुटी झाली की पयलो तो ठिपको बघतंय. हिरवो दिसलो की घराचा दार उघडा दिसल्यासारख्या वाटता."

इकडे आई दार बंद करते, त्याने ठोठावावं म्हणून. तिकडे त्याला ते उघडं दिसलं की झोप लागते. दोघांचंही खरं. पण टीचरांना शब्द दिला होता, म्हणून मी लिहून टाकलं, की रविवारी आमच्याकडे लाईट जाते.

त्याचा परिणाम काय होईल हे मला कळायला हवं होतं. आठवड्याच्या आत मालवणजवळच्या कट्टा गावाहून कुरिअरवाला बॅटरीचा डबा घेऊन आला, लाईट गेली तरी नेट चालू ठेवणारा. लिओनने फोन केल्यावर गावातल्या वायरमनने येऊन तो जोडून दिला. तो गेल्यावर टीचर माझ्याकडे वळल्या. "लाईटीचा नाव कित्या सांगितलंस गो? पोटात दुखता म्हणान सांगूचा," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी छत्रीने स्विच पाडला. टिकली हिरवी ती हिरवीच. मी माझ्या पडवीतून बघत होते. निळा झगा घालून त्या खुर्चीत बसून राहिल्या. बाय झोपून उठली तरी फोन वाजला नव्हता. शेवटी मीच गेले, आणि भिंतीतून नेटच्या डब्यात जाणारी पिवळी वायर खटकन ओढून काढली. थोड्या वेळाने फोन आला. पलीकडून लिओन वैतागून म्हणत होता, बॅटरी लावून पण कसा बंद झाला? टीचरांनी एका हाताने ती वायर बोटाला गुंडाळली होती आणि चेहऱ्यावर मात्र वर्गात इन्स्पेक्टर आल्यावरचा भाव.

"माका काय कळता रे," त्या म्हणाल्या.

मग त्यांच्या त्या शिकल्या. वायर काढायची, बोलून झालं की लावायची.

पावसाळा सरल्यावर देवेशची नोकरी पक्की झाली आणि आम्ही पनवेलला आलो. निघताना टीचरांनी कुळथाचं पीठ दिलं, बायच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. गाडी निघाली तेव्हा फाटकापर्यंत आल्या नाहीत. पाय सुजलेत म्हणाल्या. आमच्या घराला कुलूप लावलं, पण नेट आणि त्यावर ॲप चालवणारा जुना मोबाइल देवेशने चालूच ठेवला. जमूदेत पॉइंट, म्हणाला.

पनवेलच्या घराला पडवी नाही. समोर कोण राहतं ते ठाऊक नाही, त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप असतं की आतून कडी ते बघूनही कळत नाही. तिन्हीसांजेला दिवा लावला की हात आपोआप मोबाइलकडे जातो. पण मी वाट बघत असे ती रविवार दुपारची. टीचरांची टिकली करडी व्हायची. आता निळा झगा घालून खुर्चीत बसल्या, आता फोन वाजला, आता कुत्रीचं चाललंय, आता स्वेटर. मग ती पुन्हा हिरवी व्हायची आणि मी भांडी घासायला घ्यायची. मला धीर यायचा तो त्या करड्या रंगाने.

गेले काही रविवार ती करडी झालेली नाही.

पहिल्या वेळी वाटलं, कुठे लग्नाला गेल्या असतील. दुसऱ्यांदा मी जेवण अर्धं टाकून मोबाइल धरून बसले. देवेश म्हणाला, अगं हिरवं दिसतंय ना, मग चांगलंच आहे की. लिओनचाही निरोप आला, अंगठ्याच्या चित्रासकट. मम्माचा नेट आता मस्त चलता, थँक्यू. मी त्याला लिहिलं की आईला फोन कर. त्याने उलट विचारलं, कित्या, बंद आसा? माका तर हिरवो दिसता. मग लिहिलं, करतंय रविवारी. केला की नाही कोण जाणे. हिरव्यातून ते कळत नाही.

मी स्वतः फोन केला. बऱ्याच वेळाने उचलला.

"बरी आसंय," मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या.

मी पायाचं विचारलं, चर्चचं विचारलं. चर्च आता मोबाइलवरच बघते म्हणाल्या. मग मी हळूच म्हटलं, टीचर, पिवळी वायर?

पलीकडे कुत्री भुंकली, तिला त्यांनी गप केलं.

"सोड गो. तेका कामा आसत. दरवेळी तेणी विचारूचा नि मी खोटा सांगूचा." आणि मग, "टिकली हिरवी आसा मा? मगे मी बरी आसंय."

हे टीचर म्हणाल्या. टीचर.

फोन ठेवला आणि यादी उघडली. लिओन हिरवा. त्याखाली मी, म्हणजे माझं मालवणकडचं घर, जिथे पावसाळ्यापासून कोणी नाही. खिडक्या बंद, पाण्याची मोटर बंद, चुलीत जुनी राख. ते हिरवं. त्याच्या खाली टीचर. त्याही हिरव्या. दोन टिकल्या एकाच रंगाच्या, एकाखाली एक. मी कितीही जवळ धरून बघितलं तरी कुठल्या घरात माणूस आहे ते सांगता येईना.

मी गेलेच असते. पण बायला कांजिण्या आल्या आहेत, अंगभर. तिला घेऊन प्रवास नाही आणि तिला टाकून मी कुठे जाणार. पाववाल्याला फोन केला, तो म्हणतो सकाळी फाटकाला पिशवी लावतो, दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी असते. म्हणजे पाव कोणीतरी घेतं. टीचर दिसल्या का म्हणून विचारलं तर म्हणाला, आपण पाठीच्या दाराला जात नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणी कट्ट्याहून मालवणला जाणार असेल तर वाटेत, चढ संपल्यावर जो पांढरा क्रूस लागतो, तिथे उतरा. क्रूसाच्या डाव्या हाताची पाणंद धरा. कुलूप असलेलं घर आमचं. समोरचं टीचरांचं. आधी फोन करू नका, फोनवर त्या बरी आसंय म्हणतील. माझं नाव सांगितलंत तरी चालेल. त्यांच्या दोरीवर निळा झगा वाळत घातलेला दिसतो का बघा. पुढचं दार उघडायला त्यांना वेळ लागतो, तेव्हा पाठीच्या दाराने जा, कुत्री चावत नाही. बसायला सांगतील, बसा. काही शिकवायला लागल्या तर शिका. आणि आत जाण्याआधी, अंगणातूनच एकदा मोठ्याने "टीचर" म्हणून हाक मारा, आणि त्यांनी ओ दिली की लगेच मला कळवा.